कचेरीतले नाटक मध्येच थांबवावे लागते

प्रश्न असा आहे. अंधेरी पूर्वेला साडेतीनशे माणसांची एक कंपनी आहे आणि तिच्या एचआर विभागाचे काम पाहणाऱ्या बाईंनी विचारले आहे: "आमच्या व्यवस्थापनाला या वर्षी डायव्हर्सिटी आणि टीमवर्कचे प्रशिक्षण स्लाइड दाखवून न करता नाटकातून करायचे आहे. एक दिवस हॉल घ्यायचा, सगळ्यांना बसवायचे, एखाद्या ग्रुपकडून पाऊण तासाचे नाटक करून घ्यायचे आणि मग जेवण, असा बेत आहे. याचा उपयोग होतो का? नट बाहेरचे घ्यावेत की आमच्याच माणसांनी कामे करावीत? कोणाला लागणार नाही असा विषय कसा निवडावा? आणि वर्षअखेरीस साहेबांना काय दाखवावे?"

आपला बेत आहे तसा राबवलात तर जेवण चांगले होईल, एवढे मी खात्रीने सांगते. बाकीच्याची खात्री देता येत नाही. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी दादर-माटुंग्याला तालीम असे माझे पंधरा वर्षे चालले. पुढे नोकरी सोडली आणि गेली अठरा वर्षे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या कचेऱ्या, कारखाने आणि इस्पितळे यांत मी हेच काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की साडेतीनशे माणसांना अंधारात बसवून दाखवलेले पाऊण तासाचे नाटक हे नाटकच राहते, त्याचे प्रशिक्षण होत नाही. अंधारात बसलेला प्रेक्षक नेहमी सोसणाऱ्याच्या बाजूने असतो. रंगमंचावरच्या उर्मट साहेबाला तो मनातल्या मनात शिव्या देतो, शेवटी टाळ्या वाजवतो आणि बाहेर पडताना "आमच्याकडच्या अमक्यानं हे बघायला हवं होतं" असे शेजाऱ्याला सांगतो. तो अमकाही दोन रांगा सोडून टाळ्याच वाजवत असतो.

नाटकाचा उपयोग होतो तो ते मध्येच थांबवता आले तर. आपल्या चारही प्रश्नांची माझी उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधी उलगडून सांगते.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी ज्याला फोरम थिएटर म्हटले, त्या प्रकाराच्या जन्माचा एक किस्सा त्यांनीच सांगून ठेवला आहे. १९७३च्या सुमारास पेरू देशातल्या साक्षरता मोहिमेत ते काम करत होते. प्रसंग थांबवून ते प्रेक्षकांना उपाय विचारत आणि नट तो उपाय करून दाखवत. एका प्रयोगात नवऱ्याने फसवलेल्या बाईने काय करावे, हा प्रश्न होता. प्रेक्षकांतली एक बाई सांगत होती की तिने नवऱ्याशी स्पष्ट बोलावे. नटीने स्पष्ट बोलून पाहिले, आणखी स्पष्ट बोलून पाहिले, पण खाली बसलेल्या बाईचे समाधान होईना. शेवटी बोआल यांनी तिलाच वर बोलावले. ती आली, तिने झाडू उचलला, आणि 'स्पष्ट बोलणे' म्हणजे तिच्या मनात काय होते ते त्या बिचाऱ्या नटाला आणि सगळ्या प्रेक्षकांना एकदमच कळले. तेव्हापासून रीत अशी पडली की प्रसंग वाईट वळणावर संपवायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, प्रेक्षकांतल्या कोणीही "थांबा" म्हणायचे, नटाची जागा घ्यायची आणि आपल्याला जे करावेसे वाटते ते करून पाहायचे. समोरचे नट मात्र सहजासहजी हार मानत नाहीत.

आपल्या प्रेक्षकांना हे परके वाटत नाही, हे मी पाहिले आहे. तमाशातला सोंगाड्या वग चालू असताना बाहेर येऊन लोकांशी बोलतोच. जोतीराव फुल्यांनी १८५५मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकातला विदूषकही पात्रे बोलत असताना मध्ये पडून वाचकांचे डोळे उघडत राहतो. स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' १९८३पासून कारखान्यांच्या दारांत, वस्त्यांत आणि गावोगावी झाले, तेव्हा बघणारे आणि करणारे यांच्यामध्ये पडदा नव्हताच. त्यामुळे "हे परदेशी थेर आमच्या लोकांना जमणार नाही" असे कोणी साहेब म्हणाले तर निश्चिंत असावे. लोकांना जमते. साहेबांनाच थोडा वेळ लागतो.

एक मोठी अडचण मात्र आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोआल यांचे नाटक दडपलेल्यांसाठी होते आणि दडपणारा त्या खोलीत बसलेला नसे. कचेरीत बिल कंपनी देते आणि त्रास देणारा, सोसणारा आणि पाहत राहणारा असे तिघेही गळ्यात एकाच कंपनीचा बिल्ला घालून समोर बसतात. अशा खोलीत सोसणाऱ्याला "तू असा प्रतिकार कर" असे शिकवणे म्हणजे त्रासही त्याने सोसायचा आणि उपायही त्यानेच शोधायचा, असे होते. म्हणून कंपन्यांसाठी प्रसंग बांधताना मी नेहमी तिसऱ्या माणसाकडे, म्हणजे टेबलावर बसून सगळे पाहणाऱ्याकडे, तोंड करून बांधते. तिथे बसलेल्यांतले बहुतेक जण आयुष्यात बहुतेक वेळा तिसरेच असतात.

आमच्या एका प्रसंगाचे उदाहरण देते. आम्ही त्याला तालमीत 'पूर्ण नाव' म्हणतो. प्रसंग आठ मिनिटांचा, जागा कँटीन, टेबलाभोवती चार जण. सुमित नवा आहे, 'सर' त्याचे टीम लीड आहेत, निशा आणि किरण जुने सहकारी आहेत. डबे उघडतात. सर प्रेमानेच विचारतात, "सुमित, पुढे काय?" तो म्हणतो, "सुमितच, सर." "अरे हो, पण पूर्ण नाव? दाखल्यावर काय आहे?" सुमित वडिलांचे नाव सांगतो आणि तिथेच थांबतो. "बरं, गाव कुठलं?" "लातूरकडचं." "लातूरकडे कुठे? गावातच, की..." सर वाक्य पूर्ण करत नाहीत. निशा डब्याचे झाकण लावते. किरण फोन काढतो. मग गप्पा मंगळवारच्या क्लायंट मीटिंगकडे वळतात आणि ज्या प्रेझेंटेशनवर सुमितने काम केले ते सादर करायला किरणने जावे, असे सर सहज बोलता बोलता ठरवून टाकतात. "तू पुढच्या वेळी रे, अजून नवीन आहेस." प्रसंग संपतो. तक्रार अर्जात लिहिता येईल असे एकही वाक्य कोणी उच्चारलेले नसते आणि झाले काय ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलेले असते. मुंबईत जात पाळत नाहीत असे म्हणणारी माणसे या ठिकाणी पायाकडे बघू लागतात.

आता दुसरी फेरी. लोअर परळच्या एका कचेरीत पहिला उठला तो पंचविशीतला मुलगा. त्याने सुमितची खुर्ची घेतली आणि सरांना सुनावले, "सर, माझ्या आडनावाचं तुम्हाला काय करायचंय?" सरांचे काम करणारा आमचा नट कसलेला आहे. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "अरे, चिडतोस काय? सहज विचारलं. टीम म्हणजे घरच ना आपलं." टेबलावरचे बाकीचे हसले, खोलीतलेही काही हसले. मी प्रसंग थांबवून त्या मुलाला विचारले, काय वाटते? तो म्हणाला, "मीच वाईट ठरलो." त्याच्या मागून एक गृहस्थ सरांची जागा घ्यायला निघाले. त्यांना सरांना सज्जन करायचे होते. त्याला आम्ही परवानगी देत नाही. सर सुधारले की प्रश्नच संपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या सरांना कोण बदलणार, हा प्रश्न तसाच राहतो.

तिसऱ्या उठल्या अकाउंट्समधल्या पन्नाशीच्या बाई. निशाच्या खुर्चीत बसल्या, सरांचा प्रश्न अर्धवट असतानाच डबा पुढे सरकवून म्हणाल्या, "सुमित, भरली वांगी घे. आणि सर, मंगळवारचं प्रेझेंटेशन यानं केलंय, तर हाच जाऊ दे ना. किरण सोबत जाईल." नट क्षणभर गडबडला, कारण या वाक्याला नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हते. खोलीत दोन तट पडले. काहींच्या मते बाईंनी विषयाला बगल दिली. काहींच्या मते सुमितला त्या क्षणी आडोसा हवा होता आणि तो मिळाला. मागून एक जण म्हणाला, "पण सरांना कळलंच नाही ना, त्यांचं काय चुकलं." तेही खरे होते आणि मी निकाल दिला नाही.

मग किरणच्या जागी एक अबोल माणूस आला. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "सर, पूर्ण नाव एचआरकडे आहे. आपण जेवू या." नटाने सोडले नाही. "म्हणजे मी काही चुकीचं विचारलं का?" त्या माणसाचा आवाज थरथरत होता, पण त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले. एवढेच झाले. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे प्रशिक्षण त्या थरथरण्यात झाले. हे वाक्य डोक्यात सगळ्यांच्याच असते, पण साहेबांच्या समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघत, घसा कोरडा पडला असताना ते तोंडातून काढण्याची सवय कोणालाच नसते आणि ती सवय स्लाइड बघून लागत नाही. खऱ्या कँटीनमध्ये वेळ येईल तेव्हा त्या माणसाची ती दुसरी खेप असेल.

आता विषय कसा निवडावा. कोणाला लागणारच नाही असा विषय शोधू नका, कारण जो कोणालाच लागत नाही त्यावर कोणी खुर्चीतून उठतही नाही. लागावे, पण एका ठरावीक माणसाकडे बोट जाऊ नये, हे पाहणे आमचे काम. त्यासाठी प्रयोगाच्या दोन-तीन आठवडे आधी मी कचेरीतल्या बारा ते पंधरा जणांशी एकेकट्याने बोलते आणि त्यात एचआरने निवडलेले निम्म्याहून जास्त नसतील असे पाहते. "तुमच्यावर अन्याय झाला का" असे विचारले तर लोक नाही म्हणतात. "कँटीनमध्ये कोण कुठे बसते", "मायक्रोवेव्हमध्ये बोंबील गरम केले तर काय होते", "सात वाजता मीटिंग लागली की कोण घड्याळ बघते", "पाहुण्यांचा चहा कोण सांगते", "मीटिंग इंग्रजीत चालू असताना कोण गप्प असते आणि तेच लिफ्टमध्ये मराठीत किंवा हिंदीत किती बोलते" असे विचारले की पानेच्या पाने भरतात. विरार किंवा बदलापूरला राहणाऱ्या बाईला सात वाजताची मीटिंग म्हणजे काय, हे समजायला डायव्हर्सिटीचा ग्रंथ वाचावा लागत नाही, फक्त गर्दीच्या वेळचे वेळापत्रक समोर धरावे लागते.

गोळा झालेल्यांपैकी किमान तीन हकिकती मिसळून मी एक प्रसंग करते, त्यातला विभाग, मजला, वय बदलते, आणि ज्यांच्या हकिकती आहेत त्यांतल्या दोघांना तरी संहिता आधी वाचून दाखवते. हा नियम मला एका चुकीने शिकवला. सुरुवातीच्या वर्षांत एका कचेरीत एका मुलीला मी तिच्यावर आलेला प्रसंग तिनेच उभा करावा, असे सुचवले. ती तयार झाली, तिने तो फार चांगला केला, टाळ्या पडल्या आणि मी खूश होऊन घरी आले. पुढचा आठवडाभर तिच्या मजल्यावरचा प्रत्येक जण सहानुभूतीने तिला "तो कोण होता गं?" असे विचारत होता. महिन्याभराने तिने बदली मागितली. हे तिनेच मला फोनवर सांगितले आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागले. तेव्हापासून कोणाचीही स्वतःची गोष्ट त्याच्याकडून करवून घेत नाही, आणि सत्र चालू असताना कोणी स्वतःचे सांगू लागले तर "हे आपण नंतर, बाहेर बोलू" असे म्हणून त्याला हळूच थांबवते. प्रेक्षकांना ते सगळे ऐकायचे असते, म्हणूनच थांबवावे लागते.

लैंगिक छळाचा विषय घेणार असाल तर कायद्याची बाजू स्पष्ट ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या अधिनियमातल्या कलम १९प्रमाणे ठरावीक काळाने कार्यशाळा आणि जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेणे हे मालकाचे कर्तव्यच आहे आणि नाट्यसत्र त्यात बसू शकते. पण त्याच कलमात अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी वेगळे कार्यक्रम सांगितले आहेत, त्यांची जागा नाटक घेत नाही. कलम १६प्रमाणे तक्रारीतला मजकूर, संबंधितांची ओळख आणि चौकशीची कार्यवाही उघड करायला मनाई आहे, म्हणून समितीपुढे आलेल्या कोणत्याही प्रकरणावर बेतलेला प्रसंग, नावे बदलूनसुद्धा, मी करत नाही. "नावं बदलली की झालं" हे मला एचआरकडून अनेकदा ऐकावे लागले आहे. कचेरीत नाव बदलून काही होत नाही, लोक खुर्ची ओळखतात. आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते यासारखी माहिती संवादांत कोंबू नका, ती छापील कागदावर द्या. समितीतली एक व्यक्ती त्या दिवशी इमारतीत असावी, पण खोलीत नसावी.

नट बाहेरचे की घरचे, या प्रश्नावर माझे उत्तर ठाम आहे: प्रसंगातले नट बाहेरचेच हवेत. बाहेरचा नट सगळ्यांचा राग अंगावर घेऊन संध्याकाळी आपल्या लोकलने घरी जातो. तुमच्या परचेस विभागातल्या माणसाने सरांचे काम चांगले केले तर तो निवृत्त होईपर्यंत 'सर'च राहील. शिवाय हे काम पाठ केलेल्या संहितेवर होत नाही. समोर कोण कुठले वाक्य घेऊन येईल ते माहीत नसताना त्याला अडवायचे, पण इतकेही अडवायचे नाही की तो पुन्हा कधी उठणार नाही, हे तोलणे व्यावसायिक नाटकांतल्या भल्याभल्या नटांनाही पहिल्यांदा जमत नाही. म्हणून ग्रुपकडून दर घेताना तालमींचे मानधन त्यात धरले आहे का, ते विचारा. चार नट आणि एक सूत्रधार एवढे पुरतात. तालीम न करता "आम्ही करून टाकू" म्हणणारा ग्रुप स्वस्त पडतो, पण सत्र संपल्यावर तुमची माणसे आधीपेक्षा जास्त गप्प होतात.

नट निवडताना आणखी एक पथ्य. आपल्या रंगभूमीला बोलीची नक्कल करून हशा वसूल करायची जुनी सवय आहे. मद्राशी मॅनेजर, भय्या वॉचमन, गुजराती शेठ, मालवणी आजी, आणि साडी नेसून हातवारे करणारा पुरुष. डायव्हर्सिटीच्या कार्यक्रमात असा हशा एकदा जरी आला तरी त्या बोलीचा माणूस खुर्चीत आकसतो आणि पुढचे दोन तास वाया जातात. माझ्या नटांना नक्कल करायची सक्त मनाई आहे. ज्याची जी बोली आहे त्यानेच ती बोलावी आणि ज्या समूहाबद्दल प्रसंग आहे त्यातलाच नट असावा. आमच्या एका प्रसंगात कर्णबधिर सहकारी मीटिंगमध्ये बसलेली असते आणि ते काम कर्णबधिर अभिनेत्रीच करते. लोक लॅपटॉपमध्ये तोंड घालून बोलतात, दोघे एकदम बोलतात, बोलता बोलता फळ्याकडे वळतात आणि प्रत्येक वेळी तिची मान एका बाजूकडून दुसरीकडे फिरत राहते. तीन मिनिटांत खोली तिच्याकडे बघू लागते, बोलणाऱ्यांकडे नाही. दुभाषी सत्रभर हजर असतो, ते मानधनही अंदाजपत्रकात धरावे.

टीमवर्क हा वेगळा विषय आहे आणि तो याच प्रसंगांत घुसडू नये. तिथे मात्र तुमच्याच माणसांनी कामे करावीत. मुंबईला हे सांगायची गरज पडू नये. गिरणीत साचा चालवणारे, गोदीत काम करणारे आणि बँकेत लेजर लिहिणारे लोक कामगार कल्याण मंडळाच्या आणि आंतरबँक स्पर्धांसाठी रात्र रात्र तालमी करत आणि हिशेबनीस नायक झाला की मॅनेजर त्याच्या मागे सेट उचलून नेत असे, हे मी स्वतः पाहिले आहे.

सुरुवातीला मी एक साधा खेळ घेते. पंधरा जणांनी डोळे मिटून गोलात उभे राहायचे आणि एकापासून वीसपर्यंत मोजायचे. कोणी कधी बोलायचे हे ठरलेले नसते आणि दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या पाच-सहा वेळा 'एक' बहुधा तोच म्हणतो जो मीटिंगमध्ये पहिला बोलतो, आणि सगळी गाडी सातच्या आसपास कोलमडते. वीसपर्यंत पोहोचतात ते घाईवाले गप्प बसायला शिकतात आणि कधीच न बोलणारे एक तरी आकडा उच्चारतात तेव्हा. कोणाचा आवाज एकदाही आला नाही, हे मी लक्षात ठेवते, पण तिथे बोलून दाखवत नाही.

मग बारा जणांचा गट करून तीन तासांत सात मिनिटांचा प्रवेश उभा करायला सांगते. अट एकच: हुद्द्याने सर्वांत मोठा असेल त्याने पडद्यामागचे काम करायचे. एका कंपनीत एका उपाध्यक्षांकडे एकच जबाबदारी होती, पावसातून येणाऱ्या पात्राच्या हातात प्रवेशाआधी छत्री द्यायची. ऐन वेळी ते फोनवर होते. पात्र करणारी मुलगी हेल्पडेस्कवरची होती. तिने एक क्षण वाट पाहिली, मोकळ्या हातांनी आत आली आणि म्हणाली, "पाऊस थांबला वाटतं." समोरच्याचे पुढचे वाक्य छत्रीवरच होते, तेही त्याने वळवून घेतले. रंगभूमीवर याला सांभाळून घेणे म्हणतात. नंतरच्या चर्चेत मी गटाला एवढेच विचारले की तुमच्या कामात नेहमी सांभाळून कोण घेते आणि नेहमी कोणाला सांभाळून घेतले जाते. त्या खोलीत तेवढी शांतता दिवसभरात झाली नव्हती. उपाध्यक्षांनी फोन बंद करून पिशवीत टाकला आणि दुसऱ्या प्रयोगाला छत्री घेऊन दोन मिनिटे आधीच उभे राहिले.

खोलीबद्दल थोडक्यात. एका सत्रात पंचवीस ते तीस माणसे, सपाट जमीन, मंच नको, अर्धगोलात खुर्च्या, सगळे दिवे चालू, अडीच ते तीन तास. चित्रीकरण अजिबात नको, कंपनीच्या पेजवर टाकायला फोटोही नको. साडेतीनशे माणसांसाठी ही बारा ते चौदा सत्रे होतात, आणि इथेच बहुतेक व्यवस्थापने माझा फोन ठेवतात. त्यांना मी सुचवते की सगळ्यांसाठी एकदम करण्यापेक्षा तीन विभाग घ्या आणि तिथे नीट करा. पहिले सत्र विभागप्रमुखांचे असावे. पुढच्या सत्रांत ते आलेच तर उठून एक तरी जागा घ्यायची तयारी ठेवून यावे, हाताची घडी घालून मागच्या रांगेत बसायला येऊ नये, कारण मागची रांग बघत असेल तर पुढची बोलत नाही. आणि आपणच मोजून पाहा, त्या साडेतीनशेंत हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि कँटीनची कंत्राटी माणसे धरली आहेत का? बहुतेक नसावीत. त्यांना आणायचे तर कंत्राटदाराशी बोलावे लागेल आणि त्या तीन तासांचा पगार कापला जाणार नाही, हे लेखी घ्यावे लागेल. हे करून पाहा. ज्या प्रसंगात पॅन्ट्रीतल्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला असतो, तो प्रसंग त्या मावशींसमोर करताना तुमच्या मॅनेजरांच्या चेहऱ्यांवर जे दिसते, ते दुसऱ्या कशाने दिसत नाही. मात्र अशा वेळी मावशींना उठून काही करून दाखवायला सांगू नये. त्यांनी स्वतःहून उठायचे ठरवले तर गोष्ट वेगळी.

शेवटचा प्रश्न साहेबांना काय दाखवायचे, हा. सत्र संपल्यावर भरून घेतलेले 'कसे वाटले'चे फॉर्म दाखवू नका, त्यात सगळ्यांनाच छान वाटलेले असते. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून अधिक अमेरिकन कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासून २०१६मध्ये लिहिले की डायव्हर्सिटी प्रशिक्षणाचा चांगला परिणाम क्वचितच एक-दोन दिवसांपलीकडे टिकतो आणि सक्ती केली तर उलट चीड उत्पन्न होते. मार्गदर्शक जोडून देणे किंवा निर्णयांची जबाबदारी नेमणे यांसारख्या रोजच्या व्यवस्था त्यांना जास्त परिणामकारक दिसल्या. नाटक याला अपवाद आहे, असे मी म्हणणार नाही. म्हणून सत्राआधीच मोजता येतील अशा तीन गोष्टी लिहून ठेवा: साडेसहानंतर लागलेल्या मीटिंग किती, क्लायंटसमोर कोणाकोणाला पाठवले, आठवड्याच्या बैठकीत किती जण बोलले. तीन महिन्यांनी त्याच पुन्हा मोजा. आकडे हलले नसतील तर तेही साहेबांना दाखवा, त्यांच्याच हातात बदलण्यासारख्या गोष्टी त्यात असतात.

आणि तीन महिन्यांनी त्याच गटाचे एक तासाचे सत्र पुन्हा घ्या, ते पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या, नाहीतर ते कधीच होत नाही. त्या दिवशी नट लागत नाहीत. कोणी काय करून पाहिले, एवढेच विचारायचे. लोअर परळच्या त्या कचेरीत मी अशी परत गेले तेव्हा त्या अबोल माणसाने सांगितले की कँटीनमध्ये एकदा वेळ आली, तो वाक्य म्हणाला, समोरचे हसले आणि त्याला पुढे काय बोलावे ते सुचले नाही. आम्ही चार खुर्च्या ओढल्या. या वेळी सरांच्या खुर्चीत अकाउंट्समधल्या बाई बसल्या.